धातूंचे विष आणि सांध्यांचे दुखणे

रायपूरमधील शंकर नगर ही प्रामुख्याने निवासी वस्ती आहे. परंतु शहराच्या उत्तरेकडील उरला व सिलतरा येथे स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने आहेत. कोळशाच्या राखेत शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांचे अंश असतात आणि बारीक धूळ वाऱ्याबरोबर दूरवर जाते. अशा शहरात एखाद्याच्या पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लाल झाला, तर दोष बहुधा आहाराला किंवा वयाला दिला जातो. धातूकडे संशयाची बोट क्वचितच वळते.

वास्तविक शिसे आणि सांधे यांचा संबंध जुना आहे. लंडनचे वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ साली नमूद केले की, त्यांच्या रुग्णालयातील गाउटच्या रुग्णांपैकी किमान एकचतुर्थांश लोकांना पूर्वी केव्हातरी शिशाची बाधा झालेली होती. त्यांत नळकारागीर व रंगारी बहुसंख्य होते. या विकाराला 'शनीचा गाउट' असे नाव पडले, कारण युरोपातील किमयागार शिसे हा शनीचा धातू मानीत. आपल्याकडे शनीच्या वाट्याला लोखंड आले आहे!

शिसे आपला घाव प्रथम सांध्यावर घालीत नाही, तर मूत्रपिंडावर घालते. तेथील सूक्ष्म नलिका दुखावल्या की यूरिक आम्ल पुरेसे बाहेर टाकले जात नाही. ते रक्तात वाढते आणि सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात. त्यांच्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि सूज व असह्य वेदना सुरू होतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात मोटारीच्या जुन्या रेडिएटरमधून चोरटी दारू गाळीत. त्याच्या सांध्यांवरील डाखातले शिसे दारूत उतरे आणि पिणाऱ्यांना गाउट होई.

कॅडमियमचा मार्ग थोडा निराळा आहे. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियम भातशेतीत गेले. तेथे उद्भवलेल्या 'इताई-इताई' ('दुखते, दुखते') रोगाचे हे मूळ जपान सरकारने १९६८ साली मान्य केले. त्यातही आधी मूत्रपिंड बिघडे आणि मग हाडे मऊ होऊन मोडत. काटेकोरपणे पाहता हा हाडांचा रोग होय, सांध्यांचा नव्हे. तंबाखूच्या धुरातही कॅडमियम असते आणि धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो, हे सिद्ध आहे. मात्र त्यात कॅडमियमचा वाटा किती, यावर अद्याप एकमत नाही. प्रत्येक सांधेदुखी धातूंच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेमुक्त झाले. तरीही जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या कामगारांना त्याची बाधा होतेच. रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्मे होते. हाडांत शिरलेले मात्र दशकानुदशके राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. म्हणून काम सोडून अनेक वर्षे लोटलेल्या माणसाच्या रक्तचाचणीत शिसे फारसे दिसेलच असे नाही. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली वैद्यांना रुग्णाचा व्यवसाय विचारण्यास सांगितले होते. गाउटच्या रुग्णाला त्याचा पूर्वीचा व्यवसायही विचारावा लागतो.