मोठ्या ओव्हनने स्वयंपाकघर जास्त तापतं का?

प्रश्न : आमचा ओटीजी २० लिटरचा आहे. दिवाळीत नानकटाईचे चार घाणे काढावे लागतात. भिंतीत बसवायचा ६० लिटरचा ओव्हन घ्यावा म्हणते, पण घरातले म्हणतात, दहा बाय दहाच्या स्वयंपाकघराची भट्टी होईल. खरंच तसं होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खोली किती तापणार हे लिटरवर नाही, युनिटवर ठरतं. ओव्हनने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. दार उघडून निववा की बंद ठेवून, फरक पडतो तो वेळेचा. दहा फूट उंचीच्या तुमच्या खोलीतली हवा भरते सुमारे ३३ किलो. एका युनिटची उष्णता नुसत्या हवेत साठली, तर तापमान शंभर अंशांनी वाढेल! भिंती, फरशी, ओटा ती पिऊन घेतात म्हणून तसं होत नाही; पण मग ओव्हन बंद केल्यावरही खोली बराच वेळ उबदार राहते.

आता तुमचा हिशेब. १५०० वॅटचा ओटीजी दहा मिनिटं तापवला की पाव युनिट जातं. २५०० वॅटचा मोठा ओव्हन पंधरा मिनिटं तापवला तर ०.६ युनिट, कारण त्यात तापवायचं लोखंडच जास्त. म्हणजे एकाच ट्रेसाठी मोठा ओव्हन लावणं महागात पडतं आणि खोलीही उगाच तापते.

चार घाण्यांचं गणित मात्र वेगळं. ओटीजीच्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही, इतकी उष्णता तो सतत बाहेर टाकतो. भिंतीतल्या ओव्हनला काचलोकरीचं अस्तर आणि दाराला दुहेरी काच असते. तोच माल दोन मोठ्या ट्रेंत एकदम भाजला, तर दोन्हींचा खर्च एका युनिटच्या आसपासच येतो. खोलीला उष्णताही तेवढीच. शिवाय सव्वा तासाऐवजी पाऊण तासाच्या आत तुम्ही मोकळ्या.

तेव्हा मोठा जरूर घ्या, पण रोजच्या दोन टोस्टसाठी ओटीजी ठेवा. भाजताना एक्झॉस्ट पंखा चालू आणि समोरची खिडकी उघडी हवी. वाफेतली उष्णता तिथूनच बाहेर जाते.

आणि पडताळा घरच्या घरी घ्या. मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, हे मीटरवरच छापलेलं असतं. अनेक मीटरवर ३२०० असतं. एवढं मोजत बसायचं नसेल, तर बाकीची उपकरणं बंद ठेवून एक घाणा होईस्तोवर मीटरचा आकडा किती वाढतो ते पाहा. जेवढे युनिट, तेवढीच ऊब.