जीवशास्त्र घेतलं, नीट हुकली; पुढे काय?

दरवर्षी निकालानंतर पालक हाच प्रश्न घेऊन येतात. उत्तरासाठी पुण्यातली एक साथ आठवू.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण झपाट्याने वाढले. हातापायांना मुंग्या, मग पायांतली ताकद जाणं. काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित अन्नपाण्यातून तो पोटात जातो. त्याच्याशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. पण या जिवाणूच्या पृष्ठभागावरचे काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे क्वचित कुणाच्या शरीरात प्रतिपिंडं फसतात आणि मज्जातंतूंवरच हल्ला चढवतात. मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही.

मज्जासंस्था आणि रोगप्रतिकार यंत्रणा पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. रुग्णाच्या शरीरात मात्र त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणूनच या एका आजाराभोवती किती व्यवसाय उभे आहेत ते पाहा. निदान आणि उपचार न्यूरोलॉजिस्ट करतात. मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजायला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. नमुन्यातला जंतू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ओळखतो. उपचारातलं इम्युनोग्लोब्युलिन रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. ते बनवण्याच्या कामात जैवतंत्रज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर असतात. रुग्णाला पुन्हा चालतं करण्यासाठी फिजिओथेरपिस्ट महिनोन्‌महिने मेहनत घेतो. साथ कुठून पसरली, याचा माग साथरोगतज्ज्ञ काढतो. यातल्या कित्येक कामांना एमबीबीएस लागत नाही.

ज्याला ‘असं का होतं?’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने संशोधनाचा विचार जरूर करावा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर का उलटत नाही, याचा उलगडा करणाऱ्या तिघांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे पुण्यातली आयसर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, राष्ट्रीय विषाणू संस्था, मुंबईची टीआयएफआर, बेंगळुरूची निमहान्स इथे अशा विषयांवर काम चालतं. आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा असते. तिच्यात गणितही असतं, म्हणून शक्य असेल तर अकरावीत गणित सोडू नका.

पालकांची खरी काळजी पैशांची आणि वर्षांची असते, आणि ती रास्त आहे. संशोधनात स्थिरावायला वेळ लागतो, स्पर्धाही तीव्र आहे. पण नेट-जेआरएफ मिळवून पीएच.डी. करणाऱ्याला सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये विद्यावेतन मिळतं. फिजिओथेरपी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानातून त्याआधीच कमावतं होता येतं.

तेव्हा पुन्हा ड्रॉप घ्यायचा निर्णय घाईने करू नका. आधी मुलाला विचारा: तुला रुग्णासोबत राहायला आवडेल, प्रयोगशाळेत की आकडेवारीत? 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त अनेक संशोधन संस्था विद्यार्थ्यांसाठी खुल्या असतात. एखाद्या संस्थेत त्याला घेऊन जा, तिथल्या संशोधकांशी बोलू द्या आणि मगच अर्ज भरा.