पहिली ओळ केव्हा दिसेल?

विद्यार्थीमित्रांनो, भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. समजा, एका मागावर धोटा मिनिटाला १५० वेळा आडवा जातो आणि कापडाच्या एका इंचात ५० आडवे धागे बसतात. म्हणजे मिनिटाला ३ इंच, तासाला ५ वार कापड विणले जाईल. १०० वारांचा तागा पुरा व्हायला २० तास लागतील. पहिला इंच मात्र २० सेकंदांतच तयार होतो. वीण चुकली असेल तर ती तेथेच दिसते व माग थांबवता येतो. ताग्याची वाट पाहत बसणाऱ्याला ती चूक २० तासांनी कळते. तोवर सूत वाया गेलेले असते.

हाच विचार संगणकाला लावू. भिवंडीभोवती माणकोली, पूर्णा, राहनाळ या गावांत मोठमोठी गोदामे आहेत. एखाद्या गोदामातील प्रत्येक खोक्याची नोंद संगणकाच्या डेटाबेसमध्ये आहे, असे धरा. ‘अमुक व्यापाऱ्याचा माल कोठे ठेवला आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरात १ लाख नोंदी निघतात आणि सेकंदाला १०,००० नोंदी सापडतात. सगळ्या गोळा करून मगच पाठवल्या, तर पडदा १० सेकंद कोरा राहील. शंभर-शंभरांच्या गटांनी पाठवल्या, तर पहिला गट एकशतांश सेकंदातच निघेल. शिवाय एका नोंदीला २०० बाइट धरल्यास पहिल्या पद्धतीत २ कोटी बाइट स्मृती अडकते, दुसरीत एका वेळी फक्त २० हजार. नोंदी शोधण्याचे काम मात्र दोन्हींत तेवढेच, १० सेकंदांचे.

मग आपल्याला थांबवतो कोण? डेटाबेसपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर अनेक टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा असते; तिला ‘बफर’ म्हणतात. एकाही टप्प्याने ‘सगळे आल्यावरच पुढे सोडीन’ असे ठरवले, की बाकीच्यांची घाई व्यर्थ! उदाहरणार्थ, पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसशी संपर्क साधणारी ‘लिबपीक्यू’ ही आज्ञावली, निराळे सांगितले नाही तर, संपूर्ण उत्तर स्मृतीत जमवूनच हाती देते. एकेक ओळ देण्याची सोय तिच्यात आहे. पण ती मागावी लागते.

आता ‘सर्वांत जड खोके प्रथम’ अशी यादी मागितली तर? सर्वांत जड खोक्याची नोंद अगदी शेवटी सापडू शकते. म्हणून सगळ्या नोंदी पाहिल्याशिवाय पहिली ओळ सांगताच येणार नाही. येथे थांबणे अटळ आहे. मात्र वजनांच्या क्रमाची सूची आधीच तयार असेल, तर तिच्यावरून ओळीमागून ओळ पाठवता येते.

या पद्धतीत एक धोकाही आहे. जोडणी मध्येच तुटली तर अर्धी यादी पुरी समजली जाईल आणि ट्रक अर्ध्या मालानिशी निघेल! म्हणून यादीच्या शेवटी समाप्तीची खूण हवी, आणि ती आली की नाही हे तपासायला हवे.

करून पाहा : चार विद्यार्थी रांगेत बसवा व पहिल्याकडे ४० चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर सही करून ती पुढच्याला द्यावी. प्रथम प्रत्येकाने ४० सह्या झाल्यावरच गठ्ठा पुढे द्यावा. मग एकेक चिठ्ठी हातोहात द्यावी. चौथ्याची सही होऊन पहिली व शेवटची चिठ्ठी केव्हा बाहेर पडते, ते घड्याळ लावून मोजा. सह्या दोन्ही वेळा तेवढ्याच, १६०. तरीही हातोहात देताना शेवटची चिठ्ठीसुद्धा लवकर का येते, याचे उत्तर तुम्हीच शोधा.