मे महिन्यात तोडलेली बाभूळ

वेडी बाभूळ ओळखायला मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी खात्री होती. माझं माहेर सांगोल्याकडचं. तिथे बांधाबांधावर ती उभी असते आणि चुलीतही तीच जळते. म्हणून चेन्नईत आल्यावर परदेशी झाडं काढायच्या तीन दिवसांच्या शिबिराचं कळलं, तेव्हा मी सुट्टी टाकून नाव दिलं. काम होतं शहराच्या दक्षिणेला, राखीव जंगलाच्या कडेच्या एका 'एरी'वर, म्हणजे इथल्या जुन्या पाटपाण्याच्या तलावावर. वेड्या बाभळीला इथे 'सीमै करुवेलम' म्हणतात. करुवेलम म्हणजे आपली गावठी बाभूळ, आणि सीमै म्हणजे विलायती. १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्याच्या वनखात्यानेच जळणासाठी तिचं बी बाहेरून मागवलं होतं.

शिबिर मे महिन्यात होतं, कारण सगळ्यांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. सगळं बिघडलं ते इथेच. काठावरची चिकण माती उन्हाने भाजून विटेसारखी झाली होती. पहार मारली की बोटभर आत जायची. तासाभरात आम्ही खणणं सोडलं आणि कोयते-कुऱ्हाडी उचलल्या. गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडं कापत सुटलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोकळं झालेलं रान पाहून मन भरून आलं.

इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबरात दोन मोठे पाऊस होऊन गेल्यावर मी पुन्हा तिथे गेले. एका बुंध्याच्या जागी नऊ धुमारे फुटलेले, हिरवेगार, प्रत्येक पेराशी कोवळ्या काट्यांची जोडी. मेमध्ये ज्याच्या खालून वाकून जाता येत होतं, त्या झाडाचं आता आत हातही घालता येणार नाही असं जाळं झालं होतं. खुंटाशी बसून मी माती उकरली. खोड आणि मूळ जिथे जुळतात, तिथे जमिनीच्या आत तिचे फुटवे दडलेले असतात. तो सांधा राहिला की झाड राहिलं. जवळ शेळ्या चारणारी एक अक्का उभी होती. ती एवढंच म्हणाली, "वेर एडुक्कणुम, अम्मा." मूळ काढायला हवं.

तेव्हापासून मला जे विचारतात त्यांना मी पहिल्यांदा महिना सांगते. चेन्नईकडे हे काम डिसेंबरचा पाऊस ओसरल्यावर, पोंगलच्या आगेमागे करावं. माती ओली असते, लहान रोप हाताने मुळासकट येतं, आणि मोठ्या झाडाभोवती वीतभर खोल खणून सांध्याच्या खाली घाव घालता येतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या डोक्यात जूनचा पाऊस असतो. तो हिशेब इथे चालत नाही.

दुसरी चूक शेंगांची. कापलेल्या फांद्यांवर पिकलेल्या, पिवळसर शेंगा लगडल्या होत्या. ट्रॅक्टरने फांद्या रस्त्यापर्यंत नेताना शेंगा वाटभर सांडल्या आणि शेळ्यांनी वेचून खाल्ल्या. शेंग गोड, पण बी टणक. लेंडीतून ते धडधाकट बाहेर पडतं, तेही खतासकट. नोव्हेंबरात त्या वाटेच्या दोन्ही कडांना बाभळीची रोपं उभी होती. ती आम्ही पेरली होती. शेंगा पिकण्याआधी काम करा, नाहीतर आधी शेंगा गोण्यांत भरा आणि मगच फांदीला हात लावा.

तिसरी चूक माझी एकटीची, आणि तीच मला अजून सलते. काटे आणि बारीक पानं दिसली की मी कोयता चालवत होते. त्यात सिगमकाटीची पाच-सहा झुडपं गेली. ती इथलीच, या कोरड्या रानाची. फुलावर असती तर अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी लोंबती कणसं बघून कुणीही ओळखली असती. हिवरही असाच चुकून तोडला जातो. म्हणून जिथे आधी झाडं ओळखून त्यांना खुणेची फीत बांधत नाहीत, त्या शिबिरात कोयता हातात घेऊ नका. फांद्यांत घरटं आहे का, तेही आधी बघा.

अंगावरचं थोडक्यात सांगते. खेळाच्या बुटांचा तळ या काट्यापुढे टिकत नाही. माझ्या टाचेत टोक मोडून राहिलं आणि तीन आठवडे मी लंगडत होते. जाड तळाचे बूट, चामड्याचे हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यात हयगय नको. काम सकाळी साडेसहाला सुरू करून दहाला थांबवावं.

निलगिरी डोंगरांतल्या जंगलात घाणेरी काढायलाही इथून लोक जातात. तिथेही मर्म तेच. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी रुळवलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली तोडून झुडूप उलटं ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. शिवाय पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली पुढची काही वर्षं रोपं उपटत राहावं लागतं, कारण घाणेरीची फळं खाऊन पक्षी तिथेच बी टाकतात.

पुढची काही वर्षं हे काम कोण करणार, हे शिबिर भरवणाऱ्यांना कुणी विचारत नाही. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने परकीय आक्रमक वनस्पतींसाठी स्वतंत्र धोरण आणलं, कामाला बळ मिळालं, हे चांगलंच झालं. पण नाव देण्याआधी आयोजकांना विचारा की वनखात्याची परवानगी हातात आहे का, आणि पुढच्या वर्षी याच तुकड्यावर कोण येणार. गिंडीचं राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात असलं तरी परवानगीशिवाय तिथलं पानही तोडता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुमची सुट्टी दुसरीकडे खर्च करा. अर्धवट तोडलेल्या बाभळीपेक्षा न तोडलेली बरी, हे मी त्या नऊ धुमाऱ्यांपाशी बसून शिकले.

पोंगलनंतरच्या रविवारी आम्ही चौघी पहार, फावडं आणि टिकाव घेऊन त्याच काठावर गेलो. दिवसभरात अकरा खुंट मुळासकट निघाले. अक्काने मुळं जळणाला नेली.