प्रकाश प्रकाशाला अडवितो काय ?

गेल्या हिवाळ्यांत नववीचा वर्ग केळशीच्या समुद्रकिनारीं सहलीस गेला होता. रात्रीं पुळणीवर दोघां मुलांनीं समोरासमोर उभें राहून विजेऱ्या पेटविल्या. "सर, हे झोत एकमेकांवर आदळत कसे नाहींत ?" असें एकानें विचारलें. "प्रकाश प्रकाशाला अडवीत नाहीं," असें उत्तर मीं तत्काळ देऊन टाकलें. तें अपुरें होतें. येथें पुरें करतों.

प्रकाश हा फोटॉन नामक कणांचा बनलेला असतो. विद्युत्भारित कण एकमेकांस ओढतात वा लोटतात. परंतु फोटॉनावर विद्युत्भार मुळींच नसतो. म्हणून एक फोटॉन दुसऱ्याची सरळ दखल घेत नाहीं.

साबणाच्या फुग्यावर रंगीत पट्टे दिसतात, तेथें प्रकाश प्रकाशाशीं झगडतो असें कित्येकांस वाटतें. तसें नव्हे. केळशीच्या खाडींत, पाणी संथ असतां, दोन खडे टाकून पाहा. दोन्हींचीं वर्तुळें एकमेकांत शिरतात. कोठें पाणी उंचावतें, कोठें निश्चल राहतें. आणि क्षणांत तीं वर्तुळें जशींच्या तशीं पुढें निघून जातात. ही लहरींची बेरीज झाली, टक्कर नव्हे. फुग्यावरील प्रकाशाचेंही तेंच.

तथापि निर्वात पोकळी अगदींच रिती नसते. तींत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी क्षणमात्र उद्भवून लोप पावूं शकते, असें पुंजभौतिकी सांगते. अशा भारित जोडीच्या मध्यस्थीनें दोन फोटॉन एकमेकांच्या दिशा बदलूं शकतात. ऑयलर व हायझेनबर्ग यांनीं १९३६ सालीं याचें गणित मांडलें. परंतु विजेरीच्या प्रकाशांत ही गोष्ट पाहण्याची आशाच नको, इतकी ती दुर्मिळ.

जिनीव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेंत २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रांत शिशाचीं अणुकेंद्रें जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें समोरासमोर सोडतात. तीं न आदळतां नुसतीं जवळून गेलीं, तरी त्यांच्या प्रबळ विद्युत्क्षेत्रांतील फोटॉन एकमेकांस भिडतात. अब्जावधी नोंदी चाळून ॲटलास गटानें २०१७ सालीं अशा १३ संभाव्य घटना प्रसिद्ध केल्या. २०१९ सालीं नव्या नोंदींतून ५९. त्याच यंत्रावरील सीएमएस गटास, ज्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही आहेत, असाच पुरावा मिळाला.

हे आकडे मीं त्या मुलास दाखविले, तेव्हां "तेराच ?" असें तो म्हणाला. इतर कारणांनीं तीनहूनही कमी घटना अपेक्षित होत्या, एवढें मीं सांगितलें. मग तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.