तंत्रनगरी आणि शहरांची चढाओढ

पूर्वी शहरे भरभराटीस येत ती नदी, बंदर किंवा राजदरबार यांच्या आश्रयाने. आज जगातील भांडवल आपल्याकडे यावे म्हणून शहरे उच्च तंत्रज्ञानाच्या खास वसाहती उभारीत आहेत. रीत बहुधा एकच: सलग जमीन, अखंड वीज, चांगले रस्ते, करांत सूट आणि सर्व परवाने एका खिडकीवर.

आपल्या हैदराबादचेच उदाहरण घ्या. या कामी बंगळूर पुढे होते; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी तेथे १९८५ साली आली. मागून निघालेल्या हैदराबादने माधापूरच्या खडकाळ माळावर ‘हायटेक सिटी’ वसविली. तिच्यातील ‘सायबर टॉवर्स’चे उद्घाटन १९९८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. मायक्रोसॉफ्टने आपले विकासकेंद्रही त्याच साली या शहरात काढले.

हे यश केवळ सवलतींचे होते काय? सॉफ्टवेअर उद्योगास दिलेली प्राप्तिकराची मोठी सूट मार्च २०११ अखेर संपली. काही काम २००५ च्या कायद्याने निघालेल्या विशेष आर्थिक क्षेत्रांकडे वळले खरे, परंतु माधापूर ओस पडले नाही. कारण सवलत शेजारचे शहरही देऊ शकते. शिकलेली माणसे मात्र एका रात्रीत निर्माण होत नाहीत. हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन १९६७ पासून होते, आणि १९९८ साली माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र शिक्षणसंस्था निघाली.

तैवानचा धडाही हाच आहे. तेथील सिंचू विज्ञानवसाहत १९८० साली दोन विद्यापीठे आणि एक सरकारी संशोधनसंस्था यांच्या सान्निध्यात स्थापन झाली. त्या संशोधनसंस्थेच्या कामातूनच १९८७ साली टीएसएमसी ही चिप बनविणारी कंपनी जन्मास आली.

सवलत म्हणजे सरकारने सोडून दिलेला कर, हे विसरून चालणार नाही. तो शाळा-दवाखान्यांच्या वाट्यातून वजा झाला, तर शहर पाहुण्याला पंगतीस बसवून घरच्या मुलांना उपाशी ठेवील. काचेचे मनोरे दूरदेशीचे भांडवल बोलावतील. ते येथे टिकून राहील ते जुन्या शहराच्या गल्लीतील मुलगा किंवा मुलगी त्या मनोऱ्यांत शिकून-सवरून प्रवेश करील तेव्हाच. त्या शिक्षणाची तरतूद करणे हे सरकारचे जितके, तितकेच समाजाचेही कर्तव्य आहे.