वनस्पति-उद्यानाचे बारा महिने

बगीचा आणि वनस्पति-उद्यान हे दोन शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत भेद आहे. बगीचा विसाव्यासाठीं असतो. वनस्पति-उद्यानांत विसावा तर मिळतोच, पण तेथील झाडांस शास्त्रीय नांवें असतात, तीं कोठून आलीं याची नोंद असते, आणि त्यांचें फुलणें, फळणें व पान गाळणें यांवर जाणत्या माणसांची नजर असते. ग्रंथालयांत जशीं पुस्तकें, तशीं उद्यानांत झाडें. आणि ग्रंथालयाप्रमाणेंच उद्यानाचा खरा लाभ वाचणारास होतो, नुसता फेरफटका मारणारास होत नाहीं.

येथें एखादे पालक म्हणतील, "शेतकऱ्याच्या मुलास बागकाम कशाला शिकवावें? तें त्याच्या अंगीं उपजतच असतें." हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन यांचें ज्ञान आमच्या मुलांस घरींच मिळतें. परंतु ज्या झाडाचें पीक बाजारांत जात नाहीं, त्याचें नांवही नव्या पिढीस ठाऊक नसतें. शिवाय दरवर्षीं पावसाळ्यांत आपण मोठ्या उत्साहानें रोपें लावतों, आणि पुढील उन्हाळ्यांत त्यांपैकीं कितीएक वाळून जातात. १९७२ च्या दुष्काळाच्या कथा मुलांनीं आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें तर पालकांनीं स्वतः पाहिलें आहे. अशा मुलखांत रोप लावणें सोपें. तें दुसऱ्या मृगापर्यंत जगविणें कठीण. हें जगविण्याचें शास्त्र वनस्पति-उद्यानांत शिकावयास मिळतें.

या शास्त्राच्या उपासकांत विल्यम केरी (१७६१–१८३४) या मिशनऱ्याचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. मूळचा हा इंग्लंडांतील एक गरीब चांभार. १७९३ सालीं तो बंगालांत आला व १८०० पासून श्रीरामपुरास राहिला. त्याचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं छापून निघालें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तो मोठा वनस्पतिज्ञही होता. श्रीरामपुरास त्यानें स्वतः बाग वाढविली, आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या उन्नतीसाठीं एक मंडळी स्थापन केली. १८२३ च्या महापुरांत त्याची बाग उद्ध्वस्त झाली, तेव्हां वयाची साठी उलटलेली असतांही त्यानें ती पुन्हां लावावयास घेतली. आपल्या सह्याद्रीच्या रानांत कुंभा नांवाचें झाड आहे. त्याचें शास्त्रीय नांव 'केरिया आर्बोरिया' असें असून, तें रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें केरीच्या सन्मानार्थ ठेविलें.

महाराष्ट्रांत पुण्याजवळ दापोडी येथें १८२८ सालीं सरकारी वनस्पति-उद्यान निघालें. मुंबईची राणीची बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. तिलाच आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. पुण्याची एम्प्रेस गार्डनही शतकाहून अधिक जुनी असून, जानेवारीच्या अखेरीस तेथें भरणारें पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. आतां अशा उद्यानांतील वर्ष कसें चालतें, आणि त्यांतून आपण आपल्या शाळेच्या आवारांत काय घ्यावें, तें ऋतुक्रमानें पाहूं.

ग्रीष्म. उद्यानाचें वर्ष पावसानें सुरू होतें असें वाटतें, पण माळी तें वैशाखांत सुरू करतो. हात-दीड हात खोल खड्डे याच वेळीं खणून उन्हांत तापूं द्यावे, म्हणजे त्यांतील किडी व त्यांचीं अंडीं पुष्कळ अंशीं मरतात. बीं गोळा करण्याचाही हाच काळ. कडुलिंबाच्या निंबोळ्या पिकूं लागल्या कीं त्या वेंचून गर काढावा व लगेच पेराव्या. कारण निंबोळीची उगवणशक्ति थोड्याच आठवड्यांत नष्ट होते. उलट बाभळीच्या बियांचें कवच इतकें कठीण असतें कीं त्या वर्षानुवर्षें टिकतात. शेळ्यांच्या पोटांतून बाहेर पडलेलें बाभळीचें बीं चांगलें रुजतें, हें धनगर जाणतात. पोटांतील पाचकरसानें कवच मऊ होतें, एवढेंच त्यांतील रहस्य.

वर्षा. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर रोप लावण्याची घाई करूं नये. ओल हातभर खोल गेली म्हणजेच लावावें. आपल्या काळ्या जमिनींत पाणी सांचून मुळें कुजतात, यास्तव बुंध्याशीं मातीचा लहानसा उंचवटा करावा. हाच कीटक पाहण्याचाही ऋतु. रुईच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिंवळ्या पट्ट्यांचा सुरवंट दिसला, तर तो तेथेंच राहूं द्यावा. कांहीं दिवसांत त्याचें तांबूस फुलपाखरूं झालेलें दिसेल. मात्र रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे, म्हणून पानें तोडूं नयेत.

शरद् व हेमंत. हिंवाळी फुलांचीं बियाणीं पावसाळा सरतां सरतां वाफ्यांत पडलीं, तरच जानेवारीच्या प्रदर्शनांत फुलें दिसतात. गुलाबाची छाटणीही हिशेबानेंच करावी लागते. छाटल्यापासून सुमारें सहा-सात आठवड्यांनीं फूल येतें. प्रदर्शनांत लोक पाहतात तें फूल. माळ्यास मात्र त्यामागील दिनदर्शिका दिसत असते.

शिशिर व वसंत. आतां पानगळ लागते. झाड आपल्या पानांवाटें पाणी हवेंत सोडीत असतें. जमिनींतील ओल आटूं लागली कीं पानें गाळून तें हा खर्च थांबवितें. निष्पर्ण पळस फाल्गुनांत केशरी फुलांनीं पेटतो, तो याच काटकसरीच्या जोरावर. हीं गळालेलीं पानें जाळणें म्हणजे खत जाळणें होय. चार बोटें जाडीचा पाचोळ्याचा थर रोपाभोंवतीं पसरला, तर ऊन थेट मातीस लागत नाहीं, आणि भेगा कमी पडल्यानें कोंवळीं मुळें तुटत नाहींत. जवळच मातीचें साधें मडकें गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरावें व त्यावर झांकण ठेवावें. त्याच्या अंगांतून पाणी झिरपत राहतें. माती कोरडी असली म्हणजे अधिक, ओली झाली म्हणजे कमी. वरवर ओतलेलें पाणी उन्हानें उडून जातें. हें मात्र थेट मुळाशीं पोंचतें.

उत्पत्तीच्या पुस्तकांत देवानें पहिल्या मनुष्यास बागेंत ठेविलें, तें दोन कामांसाठीं: मशागत व राखण. मशागतीचा उत्साह आपणांस आषाढांत पुरेसा असतो. राखणीची कसोटी चैत्र-वैशाखांत लागते, आणि नेमकी तेव्हांच शाळेस सुट्टी असते! म्हणून पालकांस विनंति अशी कीं, सुट्टींत आपल्या मुलानें आठवड्यांतून दोनदां शाळेंत येऊन आपल्या रोपाचें मडकें भरावें, यासाठीं त्यास मोकळीक द्यावी. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. मुलांस तेथील रोपवाटिका व प्रक्षेत्रें एकदां अवश्य दाखवावीं.

अभ्यासासाठीं

१. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील दहा झाडांचीं नांवें लिहा. जें नांव येत नसेल, तें घरांतील वडील माणसांस विचारा.

२. त्यांपैकीं एक झाड निवडून त्याची पालवी, फूल, फळ व पानगळ यांच्या तारखा वर्षभर वहींत टिपा.

३. सारख्या आकाराचीं दोन रोपें घ्या. एकास वरून पाणी द्या, दुसऱ्यास तितकेंच पाणी मडक्यांतून द्या, आणि वैशाखाच्या अखेरीस दोहोंची तुलना करा.

४. शाळेंत गेल्या पावसाळ्यांत लावलेलीं रोपें किती, व आज जिवंत किती, हें मोजा. हा आकडा फळ्यावर लिहावा. पुढील वर्षीं तो वाढला, तर आपला हा धडा पाठ झाला असें समजावें.